परवाना कोणी विचारला नाही, बूट विचारले

वाडीच्या आमच्या वस्तीतला एक मुलगा पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे. गेल्या महिन्यात त्याला बढती मिळाली. सुटीवर आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आमच्या ऑफिसात. वस्तीतून इंजिनिअर झालेला तो काही पहिला नाही, पण हमालाच्या घरातून झालेला पहिलाच. पेढा हातावर ठेवून म्हणाला, "काका, शनिवारी तुम्हाला अन् बाबांना पार्टी देतो. नाही म्हणायचं नाही." कुठे म्हणून विचारले तर म्हणाला, अमरावती रोडवर नवीन व्हिस्की बार निघाला आहे, तिथे.

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. आम्ही दारू पीत नाही. त्याचे वडील पीत नाहीत. दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसून पंचशील म्हणणारा तो माणूस. आम्ही म्हणालो, "अरे, आम्हाला बारमध्ये नेऊन काय करतोस? सावजीकडे चल, पोटभर जेवू." तो जरा वेळ गप्प बसला. मग खाली पाहत म्हणाला, "काका, बाबांनी तीस वर्षे त्याच पेट्या उतरवल्या. एकदा त्यांना तिथे खुर्चीवर बसलेलं पाहायचं आहे."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही हो म्हणालो.

ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नागपूर शहर पश्चिमेला संपत आले की अमरावती रोडवर वाडी लागते. एका बाजूला अंबाझरीची आयुध निर्माणी आणि डिफेन्सच्या वसाहती, दुसऱ्या बाजूला गोदामेच गोदामे. रात्रंदिवस ट्रक लागतात, रात्रंदिवस माल उतरतो. साबण, टायर, औषधे, टीव्ही, काय वाट्टेल ते. विदर्भाच्या दुकानात जी वस्तू दिसते ती अनेकदा वाडीच्या कोणत्या तरी हमालाच्या पाठीवरून गेलेली असते. आमच्या या दादांनीही ती नेली. काचेच्या मालाची पेटी आली की गोदामाचा मुनीम ओरडायचा, "हळू ठेव, यातली एक बाटली तुझ्या महिन्याच्या पगाराची आहे." हे वाक्य दादा घरी हसून सांगत. लहान पोराने ते हसून ऐकले नव्हते, हे आता आमच्या लक्षात आले.

अशीच एक पेटी एकदा दादांच्या पायावर पडली. उजव्या पायाचा अंगठा चेचला. तो पुढे वाकडाच राहिला. तेव्हापासून त्यांच्या पायात बूट चढत नाही. लग्न असो, मयत असो, दीक्षाभूमीवर जाणे असो, पायात चप्पल. शनिवारीही चप्पलच होती. कपडे मात्र धुतलेले, इस्त्रीचे. पांढरा बुशशर्ट, करडी पँट, खिशाला पेन. मुलाने त्यांना गाडीत बसवले तेव्हा शेजारपाजारचे पाहत होते.

बारच्या दारात काळ्या सफारीतला एक पहारेकरी उभा होता. पंचविशीचा पोरगा. त्याने मुलाकडे पाहिले, दार अर्धे उघडले. आमच्याकडे पाहिले, हसला. मग त्याची नजर दादांच्या पायांवर गेली आणि दार पुन्हा बंद झाले. "सॉरी सर, चप्पल अलाउड नाही. ड्रेस कोड आहे."

मुलगा लालेलाल झाला. इंग्रजीत बोलायला लागला. पहारेकरी मराठीतच म्हणाला, "माझ्या हातात नाही सर, बोर्ड वाचा." बोर्ड होता. पितळी, चकचकीत. प्रवेशाचा अधिकार राखीव. दादा हळूच म्हणाले, "काहून भांडतं बा? मी भायेर गाडीत बसतो. तुमी जाऊन या."

एवढ्यात मॅनेजर आला. काय झाले विचारले. आम्ही आमचे कार्ड पुढे केले. ॲडव्होकेट हा शब्द वाचताच त्या गृहस्थाचा आवाज बदलला. "अरे साहेब, आधी सांगायचं ना! या, या. तुमच्यासाठी ॲडजस्ट करतो." आणि आम्ही आत गेलो.

वाचकांनी इथे थांबून विचार करावा. दादा आत गेले ते नागरिक म्हणून गेले नाहीत. पैसे मोजणारे गिऱ्हाईक म्हणूनही गेले नाहीत. वकिलाच्या ओळखीवर, मेहरबानीने गेले. ज्या समाजाने मेहरबानीचे पाणी नाकारून हक्काचे पाणी मागितले, त्या समाजातला एक म्हातारा माणूस २१व्या शतकात मेहरबानीने आत गेला, आणि ती मेहरबानी आमच्या खिशातल्या कार्डाने मिळवली. आम्हाला त्या कार्डाची लाज वाटली.

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्रात दारू पिण्यास मुभा आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, तो अजून जिवंत आहे. त्या कायद्याने दारू मुळात बंद आहे आणि परवाना असेल तरच पिता येते. 'परमिट रूम' हा शब्द त्यावरूनच आला. एक दिवसाचा, एक वर्षाचा, आयुष्यभराचा असे परवाने असतात. सौम्य बिअरसाठी वय २१ पूर्ण लागते, व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी २५. म्हणजे त्या दारावर आम्हाला कायद्याने काय विचारायला हवे होते? परवाना आणि वय. यातले एकही कोणी विचारले नाही. जे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही ते मात्र विचारले. बूट!

आत आम्हाला कोपऱ्यातले टेबल मिळाले. स्वयंपाकघराचे दार शेजारीच, दर मिनिटाला पाठीवर आदळत होते. मधली चार टेबले रिकामी होती. ती रात्रभर रिकामीच राहिली. बसायला मऊ कोच, भिंतीवर काचेची कपाटे, कपाटात दिव्यांच्या उजेडात मांडलेल्या बाटल्या. विहारात बुद्धमूर्तीवर जेवढा उजेड नसतो तेवढा त्या बाटल्यांवर होता. दादा त्या कपाटाकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "ह्या तिसऱ्या फळीवरची पेटी लय जड राह्यते. बाराची येते."

मेनूकार्ड चामड्याचे. सर्वात खालच्या ओळीतल्या सिंगल माल्टचे ३० मिलीचे ११५० रुपये. मुलाने एक मागवले. नंतर आणखी एक मागवले, कारण एकच मागवले तर वेटर काय म्हणेल असे त्याला वाटत असावे. आम्ही आणि दादांनी लिंबू सोडा घेतला, तो २४० रुपयांना एक. सोबत मसाला शेंगदाणे, ३९० रुपये. वाडी नाक्यावर दहा रुपयांत पुडी मिळते ते शेंगदाणे.

मुलाने पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला. दादांनी विचारले, "कसं लागते?" तो म्हणाला, "धुरासारखं." दादा म्हणाले, "एवढ्या पैशात धूर पेऊन राह्यला का? तुह्या मायनं तीस वर्षं चुलीचा धूर फुकट पेला." आम्ही तिघेही हसलो. त्या संध्याकाळी मनापासून हसलो ते तेवढेच.

मुलाने काही चुकीचे सांगितले नव्हते. स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी मोड आणलेले सातू पीट नावाच्या दलदलीतल्या मातीच्या धुरावर वाळवतात. तो धूर दारूत उतरतो. मग ती किमान तीन वर्षे ओक लाकडाच्या पिंपात मुरवावी लागते, नाहीतर तिला स्कॉच म्हणता येत नाही. तिथले नियम कडक आहेत. आपल्याकडचा प्रकार निराळा. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जी स्वस्त दारू खपते त्यातल्या बहुतेकीचा आधार धान्य नसून मळी असते. मळी म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळा पाक. त्याचा मद्यार्क करायचा, त्यात थोडा माल्ट आणि रंग-वास मिसळायचा, बाटलीवर इंग्रजी नाव चिकटवायचे. युरोपात अशा दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या देशी दारूच्या दुकानातला माल? तोही बहुतेक मळीचाच! कारखाना तोच, मळी तीच. एक देशी म्हणून काउंटरवर उभ्याने प्यायची, दुसरी विदेशी म्हणून कोचावर बसून. या देशात बाटली बदलली की दारूचीही जात बदलते.

कायद्याचेही तसेच. व्हिस्की बाळगण्याचा आणि पिण्याचा हक्क मागत मुंबईचे एक नागरिक, बलसारा, न्यायालयात गेले होते. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा कायदा बहुतांशी वैध ठरवला. त्याच निकालात लष्करी कँटीनला आणि परदेशी पाहुण्यांना दिलेल्या सवलतीही वैध ठरल्या. म्हणजे जन्मापासूनच हा कायदा सगळ्यांकडे एका डोळ्याने पाहत नाही. पण त्याचे दोन डोळे पाहायचे असतील तर कोर्टात यावे. दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) खाली आरोपी म्हणून उभे कोण असते? दोन लिटरचा प्लास्टिकचा कॅन घेऊन पकडलेली विधवा. मोहाची दारू काढणारा आदिवासी. झोपडपट्टीतला पोरगा. वर्षानुवर्षे तारखा पडतात, पंच फिरतात, रोजी बुडते. उलट, परवाना नसलेल्या माणसाला चामड्याच्या मेनूकार्डावरून व्हिस्की पाजली म्हणून एखाद्या आलिशान बारचा मालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला आम्ही आमच्या वकिलीत एकदाही पाहिला नाही.

हातभट्टीची आम्ही तरफदारी करत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ती सगळी हातावर पोट असलेली माणसे होती. दारूने आमच्या वस्त्यांचे काय केले आहे हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आम्ही एवढेच म्हणतो की कायदा गरिबाच्या कॅनवर जेवढा जागा असतो तेवढा श्रीमंताच्या पेल्यावर का नसतो?

बिल आले. तीन हजार १७० रुपये. त्यावर दारूचा व्हॅट वेगळा, खाण्यापिण्याचा जीएसटी वेगळा. आणि मध्येच एक ओळ: सेवा शुल्क दहा टक्के, ३१७ रुपये. आम्ही ती ओळ काढायला सांगितली. वेटर म्हणाला, काढता येत नाही. आम्ही मॅनेजरला बोलावले आणि सांगितले की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून सेवा शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम केल्या आहेत. मॅनेजरने वाद घातला नाही. नवे बिल आले, ३१७ रुपये उडाले. त्यातले दोनशे आम्ही वेटरच्या हातात दिले. तो पोरगा वाडीचाच निघाला.

हे आम्ही आमची हुशारी सांगायला लिहीत नाही. बाहेर पडताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बिलातल्या ३१७ रुपयांसाठी आमच्याजवळ सूचना होती, निकाल होता, तारीख होती. दादांच्या पायातल्या चपलेसाठी आमच्याजवळ काहीच नव्हते.

खरेच काही नव्हते का? संविधानाचे कलम १५ (२) आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यात कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून मज्जाव करता येत नाही. हे कलम सरकारपुरते नाही, खाजगी मालकालाही लागू आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी त्या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद केला. जो कोणी येईल त्याला मोबदला घेऊन सेवा द्यायला मालक जिथे बसला आहे ते सारे दुकान, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नुसते उंबरठा ओलांडू देणे पुरेसे नाही, सेवाही द्यावी लागेल, हेही त्यांनी स्पष्ट केले. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात या कलमाचा असाच व्यापक अर्थ लावला. शिवाय १९५५चा कायदा आहे, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

मग अडले कुठे? अडले असे की जात विचारणारा मालक आता कोणी राहिला नाही. तो शहाणा झाला आहे. तो जात विचारत नाही, चप्पल पाहतो. तो धर्म विचारत नाही, भाषा ऐकतो. कलम १५ मध्ये जात आहे, चप्पल नाही. जन्मस्थान आहे, वस्ती नाही. आणि ज्याच्या पायात चप्पल असते, ज्याचा अंगठा पेटीखाली चेचला जातो, तो बहुतेक वेळा कोण असतो हे सांगायला जनगणना लागत नाही. जातीचे नाव न घेता जातीचे काम करणारा नियम, त्याचे नाव ड्रेस कोड.

हे फक्त वाडीत घडते असे नाही. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये एक तरुण आपल्या शेतकरी वडिलांना सिनेमा दाखवायला घेऊन गेला. वडील धोतर नेसले होते म्हणून दारात अडवले. तिथे बोंबाबोंब झाली आणि सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवला. तमिळनाडूत तर त्याआधीच, जुलै २०१४ मध्ये, उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून चेन्नईच्या क्रिकेट क्लबमध्ये प्रवेश नाकारला होता. तिथल्या विधानसभेने महिन्याभरात कायदा केला. क्लब, सभागृहे अशा ठिकाणी पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारला तर परवाना रद्द होऊ शकतो, शिवाय शिक्षा. अडवला गेला तो न्यायमूर्ती होता म्हणून कायदा एवढ्या लवकर झाला, हे खरे. हमाल अडवला गेला तर किती वर्षे लागतील?

आमची मागणी साधी आहे. महाराष्ट्राने असा कायदा करावा, आणि कायदा होईपर्यंत बारच्या परवान्यात एक अट घालावी. सभ्य पोशाखातल्या माणसाला चप्पल, धोतर, लुगडे किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारू नये. नाकारल्यास परवाना निलंबित. कोणी म्हणेल, मालकाच्या व्यवसाय स्वातंत्र्याचे काय? त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच १९९४ साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात दिले आहे. पिण्याच्या दारूचा धंदा हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. सरकार देईल ती सवलत, आणि सरकार घालेल त्या अटी. सरकारने अटी घातल्या नाहीत असेही नाही. १५ डिसेंबर २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने १ एप्रिल २०१७ पासून बंद पडली होती. मग ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही असा खुलासा केला. प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मत दिले तर बाटली आडवी होते, हा नियमही २००८ पासून आहे. मग एका चपलेची अट घालायला काय अडचण आहे? राज्य उत्पादन शुल्क विभागाला महसूल हवा असतो. महसूल घ्या, पण महसुलाच्या पावतीबरोबर माणुसकीची एक ओळही छापा.

आता आमच्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप आम्हाला ऐकू येतो आहे. वकीलसाहेब, तुम्ही बौद्ध, तुम्ही उपासक, तुम्हाला बारच्या प्रवेशाशी काय देणेघेणे? दारूचे दार बंद असलेलेच बरे!

आक्षेप चांगला आहे, म्हणून उत्तर देतो. दारू न पिणे हे आमचे शील आहे. ते आम्ही स्वतःहून घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये ती प्रतिज्ञा आहे. पण शील म्हणजे मी माझे दार बंद करणे. दुसऱ्याने माझ्या तोंडावर दार बंद करणे म्हणजे शील नव्हे, तो अपमान आहे. बाबासाहेबांनीही या दोन गोष्टींची गल्लत केली नाही. स्वतः दारूला स्पर्श न करणाऱ्या या माणसाने १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात सरकारी दारूबंदीवर कडाडून टीका केली. महसूल बुडतो आणि दारू घराघरात गाळली जाते, हे त्यांनी दाखवून दिले. माणसाने काय प्यावे हे त्याचे शील ठरवील. माणसाने कुठे बसावे हे दुसऱ्याने ठरवू नये, असे आम्हाला यातून समजते.

आणि चवदार तळ्याचे काय? पाणी आणि दारू एका ओळीत ठेवण्याचे पाप आम्ही करणार नाही. तळे जीवनाचे होते, बार चैनीचा आहे. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला गेलेले लोक केवळ तहानेने गेले नव्हते. सार्वजनिक जागा खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजीच झाला होता. कागदावर हक्क होता. तळ्याच्या काठी नव्हता. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. कागदावरचा हक्क दारापर्यंत पोचायला चौदा वर्षे लागली. आमच्या आजोबांच्या पिढीने ती मोजली. आम्ही बोर्ड वाचून गाडीत परत बसायचे काय?

दोन शब्द आमच्या तरुणांनाही. तो मुलगा गुणी आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे. परतताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. वाडी नाक्यावर आम्ही गाडी थांबवली. टपरीवर चहा घेतला. दादांनी बाकावर पाय वर घेऊन मांडी घातली. तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, चुकलंच माझं. बाबांचा अपमान केला मी." आम्ही म्हणालो, तू अपमान केला नाहीस. अपमान करणारा पितळी बोर्डामागे आहे. पण एक लक्षात ठेव. त्या दारातून आत गेलो म्हणजे आपण पोचलो, असे तुला वाटले होते ना? पगार वाढला की माणूस मोठ्या टेबलावर बसतो, हे खरे. पण ज्या टेबलावर तुझ्या बापाला कोपऱ्यात बसवतात ते टेबल मोठे नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते वरच्या लोकांच्या पंगतीत एखादी जागा मिळवायला नाही. पंगतच बदलायला सांगितले.

दादा चहा फुंकत ऐकत होते. म्हणाले, "वकीलभाऊ, एक इचारू? तुमी त्या मॅनेजरले कारड नसतं दाखवलं, त काय केलं असतं?"

आम्ही प्रामाणिकपणे सांगितले, "दादा, परत आलो असतो."

ते म्हणाले, "मंग लिहा. कारड नसलेल्याचं लिहा."

म्हणून हे लिहिले. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याच्या अटीबाबतचे निवेदन आम्ही तयार केले आहे. या भागातल्या सर्व पक्षांच्या आमदारांनाही त्याची प्रत देणार आहोत. वाचकांपैकी ज्या कोणाला हॉटेल, मॉल, क्लब, सभागृह यांच्या दारात चपलेवरून, लुगड्यावरून, भाषेवरून अडवले गेले असेल, त्यांनी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे, शक्य तर बोर्डाचा फोटो काढावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कोर्टात राग चालत नाही, कागद चालतो. आणि पुढच्या वेळी दारावर कोणी बूट विचारले तर त्याला आधी विचारा, आत बसलेल्यांचे परवाने पाहिलेस का?

जयभीम.